बनवाबनवीच्या डायलॉगवाले टीशर्ट आणि मग मागवताय? आधी हे वाचा (थोडं लांबलंय)

इन्स्टावर हल्ली 'अशी ही बनवाबनवी'चे डायलॉग छापून टीशर्ट, मग, स्टिकर विकणारे ढिगाने झालेत. त्यातल्याच एकाकडनं मी टीशर्ट, एक मग आणि स्टिकरचं पाकीट असं एकदमच मागवलं होतं, आता सगळं वापरून, धुऊन, घासून झालंय म्हणून लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण माणूस छोटा आहे, घरनंच धंदा करतो, आणि मला खटकलेल्या अर्ध्याअधिक गोष्टी बाकीच्यांकडेही अशाच दिसतात, डिझाईनं सगळ्यांनी एकमेकांचीच ढापलेली असतात. म्हणजे कुणाकडनंही घ्या, बघून काय घ्यायचं ते सांगतो.

घाईत असाल तर एवढंच वाचा: मग डोळे झाकून घ्या, काळा टीशर्ट घ्या, पिवळा घेऊ नका, आणि पार्वतीच्या डायलॉगवाला टीशर्ट घेण्याआधी सेलरला मेसेज करून विचारा की बाबा रे, तू नक्की काय छापणार आहेस.

ज्यांना हे कशाबद्दल चाललंय ते कळत नाहीये (असे मराठी लोक असतात म्हणे, मला भेटलेले नाहीत) त्यांच्यासाठी पटकन. १९८८ चा पिक्चर, दिग्दर्शन सचिन पिळगावकर, संवाद वसंत सबनीस. पुण्यात राहायला जागा मिळेना म्हणून चार पोरांपैकी दोघं साड्या नेसतात आणि दोन जोडपी बनून लीलाबाई काळभोरांच्या घरात भाडेकरू म्हणून शिरतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, पण ते हिंदी आज किती जणांनी बघितलंय सांगा, आणि आपलं हे लग्नात, हापिसात, ट्रेनमध्ये, मयताहून परत येताना गाडीत सुद्धा चालू असतं.

आता एकेक घेतो.

काळा टीशर्ट, 'धनंजय माने इथेच राहतात का?' पांढऱ्या अक्षरांत, खाली अशोकमामांचा (अशोक सराफ, पिक्चरमधले धनंजय माने) मिशीवाला चेहरा. दिसायला एक नंबर. कापड १८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला एवढे ग्रॅम) लिहिलंय आणि हाताला तेवढं लागतंय, अंगातनं आरपार दिसत नाही, खांद्याची शिवण सरळ आहे, गळा धुतल्यावर लोंबला नाही. पण फॅन म्हणून पहिली तक्रार इथेच. अहो, हा डायलॉग मामांचा नाहीच! हा लक्ष्याचा, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेचा आहे. परशा झालेला लक्ष्या घरमालक सरपोतदारांच्या दारात येऊन उभा राहतो आणि तोंड एवढंसं करून विचारतो. मामा तर ज्याच्याबद्दल विचारलं जातंय तो माणूस आहेत. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेलं हे वाक्य धनंजय मानेच्या नावाचं आहे पण धनंजय मानेच्या तोंडचं नाही, आणि ते छापणाऱ्याला माहीत नाही म्हणजे त्याने पिक्चर बघितला तरी का की नुसतीच मीम बघून छापत सुटलाय, असा प्रश्न पडतो. लक्ष्याचा चेहरा टाका, नाहीतर चेहराच टाकू नका, नुसतं एक बंद दार काढा. ते जास्त भारी दिसेल.

तरीपण हा टीशर्ट घ्याच म्हणतो, कारण तो काम करतो. काम म्हणजे काय, तर लोक उत्तर देतात. डोंबिवलीहून लोकलने चाललो होतो, दारात गर्दी, समोर एक काका, पांढरे केस, खांद्याला झोळी, ते छातीवरचं शांतपणे वाचत होते. वाचून झालं, चष्मा वर केला आणि एकदम गंभीर आवाजात मला म्हणाले, "राहत होते. आता लीलाबाईंकडे असतात. सहकुटुंब." आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. हसले सुद्धा नाहीत हो! आजूबाजूचे चार जण फुटले, मग एकाने सत्तर रुपयांचा विषय काढला, दुसऱ्याने लिंबू कलर काढला, ठाण्यापर्यंत हेच. काका शेवटपर्यंत सरपोतदारांसारखे सरळ चेहऱ्याने उभे. एवढ्या गर्दीत एकमेकांच्या पायावर पाय देत उभे असलेले लोक भांडायचं सोडून डायलॉग मारत होते, ४९९ रुपयांत अजून काय पाहिजे.

यावरनं माझं एक मत झालंय आणि बाकीच्या वस्तूंनाही मी तेच लावून बघितलं. टीशर्टवर प्रश्न छापावा, उत्तर छापू नये. उत्तर समोरच्याला देऊ दे. सगळं वाक्य, वर हसणारी स्मायली, खाली पिक्चरचं नाव, त्याखाली 'फक्त मराठी' वगैरे असं सगळं कोंबलं की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही, तो वाचतो आणि पुढे जातो.

आता पार्वती. हा मरून रंगाचा, मी खास मागवलेला, कारण हा डायलॉग खराखुरा मामांचा. लीलाबाईंना ओळख करून देताना 'हा माझा बायको पार्वती'. सगळी मजा त्या 'हा माझा'मध्ये आहे, शेजारी साडीतला लक्ष्या उभा, हा बुवा आहे हे डोक्यात पक्कं बसलेलं आणि जिभेला बायको म्हणायचंय, त्या गडबडीत बाहेर पडलेलं वाक्य. पार्सल उघडलं. छातीवर मोठ्या ठळक अक्षरांत: 'ही माझी बायको पार्वती'.

मी दोन मिनिटं बघतच बसलो. म्हणजे माझ्या बायकोचं नाव पार्वती नाही, आणि आता हा टीशर्ट घालून मी बाहेर पडलो तर लोक मला काय विचारतील? सेलरला फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय जसाच्या तसा देतो, "सर आमच्याकडे डिझाईन बनवणारी मुलगी आहे तिने ग्रामर चेक करून बरोबर केलंय". बरोबर केलंय! मी म्हटलं ताईंना सांगा, ताई, तुमचं व्याकरण शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही पिक्चरचा खून केलाय. पुढचा रिप्लाय, "ओके सर नवीन पाठवतो". मान्य करतो, दुसरा पाठवला, त्यात 'हा माझा' होतं, पहिला परत पण मागितला नाही. पहिला आता माझा भाऊ घरात घालून फिरतो आणि वहिनी त्याच्याशी बोलत नाही. नवीन पाठवण्याचं कुरियर मात्र मलाच भरायला लावलं, ते पैसे परत मिळतील का विचारलं तर म्हणे शिपिंग रिफंडेबल नसतं. म्हणजे तेही वारले.

वारल्यावरनं, मग. ही अख्ख्या ऑर्डरमधली सगळ्यात डोकं लावून केलेली वस्तू आहे आणि त्या माणसाला याचे पूर्ण मार्क. एका बाजूला 'आणि माझे सत्तर रुपये?' दुसऱ्या बाजूला 'वारले.' पूर्णविरामासकट. उजव्या हाताने मग धरला की आपल्याकडच्या बाजूला प्रश्न येतो आणि समोर बसलेल्याला 'वारले' दिसतं. डावखुऱ्यांसाठी उलटं होतं, म्हणजे समोरच्याला प्रश्न आणि आपल्याला उत्तर. आमच्या हापिसात एक जण सगळ्यांकडनं चहाचे पैसे उधार घेतो, तो डावखुरा आहे, त्याने माझा मग उचलला तर स्वतःच 'वारले' वाचत चहा पितो आणि समोरच्याला दिसतं 'आणि माझे सत्तर रुपये?' यापेक्षा चांगली जागा त्या मगाला मिळाली नसती.

प्रिंट सब्लिमेशनचं आहे, म्हणजे मगावर आधी एक कोटिंग असतं आणि शाई गरम करून त्यात उतरवतात, वरनं चिकटवलेला कागद नसतो, त्यामुळे नख लावून निघत नाही. साध्या स्पंजने घासा, तारेच्या घासणीने घासलात तर कोटिंगच जाईल आणि सरपोतदारांचे पैसे खरोखरचे बुडतील.

पण या मगामुळे तो सीन परत बघितला, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरमालक सरपोतदार म्हणजे सुधीर जोशी. डायबेटीसच्या औषधाचं निमित्त करून मानेने त्यांच्याकडनं सत्तर रुपये उकळलेत. आता ते पैशाचं विचारतात, आणि हा औषध आणणाऱ्याला मारून टाकतो. बरं, थाप मारताना मामांच्या चेहऱ्याकडे बघा. मिस्किल हसू नाही, डोळा मारणं नाही, 'बघा कसा बनवतोय' असा प्रेक्षकांकडे टाकलेला कटाक्ष नाही. खरोखर कुणीतरी गेलंय असं तोंड. दुखवट्याला आलेल्या माणसाचं असतं तसं. आणि सुधीर जोशींचा चेहरा त्याहून भारी, त्यांना आधी माणूस गेल्याचं वाईट वाटतं, ते वाईट वाटणं पुरतं वाटून होतं, आणि मग हळूच पैसे आठवतात. मधे जो अर्धा सेकंद जातो ना, तो त्या सीनचा जीव आहे. तो काही मगावर छापता येत नाही. म्हणूनच ज्याने पिक्चर बघितला नाही त्याला हा मग दाखवा, तो म्हणेल यात हसण्यासारखं काय आहे. आणि बरोबर आहे त्याचं, नुसतं वाचलं तर काहीच नाही.

मामांचं हे मला कायम वाटत आलंय, की हा माणूस डायलॉग मारत नाही, समोरच्याचं ऐकतो. लक्ष्या पडद्यावर आला की धुमाकूळ घालायचा, अंगभर विनोद, हातवारे, तोंड वाकडं, आणि आपण त्याच्यावर जीव टाकला त्याबद्दल वादच नाही. पण लक्ष्या उधळतो तेव्हा मामा काय करतात ते पुढच्या वेळी बघा. नुसते बघत असतात त्याच्याकडे. भुवई थोडीशी वर. आणि आपण हसतो ते निम्मं त्या भुवईला हसतो. आमच्या ग्रुपवर यावरनं दर गणपतीत भांडण होतं, टीव्हीवर कुठेतरी पिक्चर लागतो, कुणीतरी लिहितं लक्ष्याच खरा, मग दुसरा लिहितो मामा, तिसरा 'झपाटलेला' आणतो, चौथा येऊन म्हणतो सुधा झालेल्या सचिनला कुणी विचारतच नाही, इतकी देखणी बाई झाला होता तो. हे भांडण मिटू नये अशी माझी इच्छा आहे. लक्ष्याला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली, २००४ च्या डिसेंबरात गेला, शंतनू झालेला सिद्धार्थ रे पण त्याच वर्षी गेला. सुधीर जोशी नाहीत, लीलाबाई झालेल्या नयनतारा नाहीत. भांडायला आम्ही आहोत अजून.

मामा आहेत, ४ जून १९४७ चा जन्म, अजून काम करतायत. बँकेची नोकरी सांभाळून नाटकं करत आलेला माणूस, १९७५ ला दादा कोंडकेंच्या 'पांडू हवालदार'मध्ये दिसला आणि मग थांबलाच नाही. २०२३ चा महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली, उशीरच झाला म्हणा पण झाली एकदाची. हिंदीवाल्यांना विचारा, ते 'करण अर्जुन'मधल्या मुनशीचं 'ठाकूर तो गियो' म्हणून दाखवतील. तीन शब्द. तेवढ्यावर त्या बाजूची एक पिढी ओळखते त्यांना.

स्टिकरकडे वळतो. पाकिटात सहा, पैकी पाच ठीकठाक, लॅपटॉपवर चिकटतात, काढल्यावर गोंद राहतो. सहावा 'धूमधडाका'चा, १९८५ चा पिक्चर, मामा यदुनाथ जवळकर बनून पाइप ओढायला जातात आणि ठसका लागून जो आवाज काढतात तो. आता हा आवाज लिहायचा कसा हा खरा प्रश्न आहे. याने लिहिलंय 'व्याख्या विक्खी वुख्खू'. माझ्या भावाचं म्हणणं 'वॅख्खॅ' पाहिजे. मी वाचून बघितलं, ठसका लागत नाही. ठसका लागेल असं लिहिणारा सापडला की त्याच्याकडनं घेईन, तोवर हा स्टिकर तसाच पडून आहे.

पिवळा टीशर्ट बायकोसाठी घेतला होता, त्यावर फक्त 'लिंबू कलर' एवढंच, बाकी काही नाही. आयडिया मस्त, माझ्या प्रश्न-उत्तरवाल्या हिशोबातही बसते, कारण 'साडी' हा शब्द बघणारा स्वतःच जोडतो आणि त्याच्या डोळ्यासमोर अश्विनी भावे येते. पण अहो, ज्या एका टीशर्टाचा रंग हाच विनोद आहे त्याचा रंग तरी बरोबर द्या! आलेला टीशर्ट लिंबू कलरचा नाही. हळदीचा आहे. गडद पिवळा. फोटोत लिंबू, हातात झेंडू. बायको म्हणाली हा मी हळदीच्या कार्यक्रमाला घालेन, आणि खरंच घातला, आणि पहिल्या धुण्यात त्याने माझ्या दोन पांढऱ्या बनियनना पण लिंबू कलर दिला. तो मात्र अगदी तंतोतंत लिंबू कलर. शिवाय बायकांच्या मापात नाही, पुरुषांचाच कट छोट्या साईझमध्ये देतात, खांदे उतरतात. मुळीच घेऊ नका.

जोडीने मिळणारे पण आहेत, एकावर 'जाऊबाई', दुसऱ्यावर 'नका बाई इतक्यात जाऊ'. बायकोला आणि वहिनीला घेतले (हीच ती वहिनी, न बोलणारी). छान आहेत, फक्त फोटो काढताना 'जाऊबाई'ने डावीकडे उभं राहायचं, नाहीतर उलटं वाचलं जातं, आणि कुणी कुठे उभं राहायचं यावरनं आमच्याकडे जे झालं ते इथे लिहीत नाही.

छपाईचं तांत्रिक थोडं सांगतो कारण पैसे तिथेच जातात. बहुतेक जण आता डीटीएफ करतात, म्हणजे डिझाईन एका फिल्मवर छापून गरम प्रेसने कापडावर चिकटवतात. एखाददुसरा पीस काढायला सोपं पडतं म्हणून. त्यात बारीक अक्षरं, चेहरा, सगळं स्वच्छ येतं पण मोठा चौकोन छापला असेल तर छातीवर प्लास्टिक लावल्यासारखं होतं, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याच्याखाली घामाच्या धारा. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई कापडातच बसते, अंगाला कळत पण नाही, पण ते लोक एकेक पीस काढत नाहीत. म्हणून नुसती अक्षरं असलेलं डिझाईन निवडा, चेहऱ्यावाले शक्यतो टाळा. चेहऱ्यात अजून एक गोम आहे, हे लोक यूट्यूबवरनं स्क्रीनशॉट घेतात, जुना पिक्चर, प्रिंट आधीच धूसर, तो मोठा केला की मामांच्या मिशीचे चौकोन चौकोन दिसतात.

शिवाय मामांचा चेहरा विकताना मामांना विचारलंय का हाही प्रश्न आहेच. मी विचारला सेलरला. त्याने अंगठ्याचं इमोजी पाठवलं. त्यातनं काय ते समजून घ्या.

आणि एक नाव या अख्ख्या मालावर कुठेच नाही याचा मला खरंच राग येतो. वसंत सबनीस. टीशर्टवर मामा, मगावर सरपोतदार, स्टिकरवर पार्वती, सगळ्यांचे फोटो, आणि ज्या माणसाने ही वाक्यं लिहिली त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस हो, ज्या लोकनाट्याने दादा कोंडकेंना घराघरात नेलं. बोलल्यासारखं लिहिणं किती अवघड असतं ते बघायचं असेल तर मामांचं कुठलंही वाक्य घ्या आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करा. आमच्या डिझाईनवाल्या ताईंनी करून दाखवलंच की, दोन शब्द बदलले आणि टीशर्ट वाया गेला. गळ्याच्या आतल्या बाजूला, जिथे साईझ लिहितात तिथे, बारीक अक्षरात 'संवाद: वसंत सबनीस' एवढं छापा. मी पन्नास रुपये जास्त देईन. हे पण त्याला कळवलं. अंगठा.

ज्यांना मागवायचंय त्यांनी एवढं करा. ऑर्डर देताना वाक्य स्वतः टाईप करून पाठवा आणि छापण्याआधी डिझाईनचा फोटो मागवा, न कंटाळता अक्षर अक्षर वाचा. साईझ एक नंबर मोठा घ्या, पोट असेल तर दोन. उलटा करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवर इस्त्री फिरवू नका, पिवळा घेतलाच असेल तर वेगळा भिजवा. डिलिव्हरी आठवड्याभरात आली, पॅकिंग चांगलं होतं, मग दोन खोक्यांत गुंडाळलेला होता, कानही शाबूत. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले दोन एकट्या मगाचे. बॉक्समध्ये पुढच्या ऑर्डरसाठी दहा टक्के सूट असं कुपन पण टाकलेलं होतं, त्याची मुदत पार्सल माझ्या हातात पडण्याच्या आदल्या दिवशीच संपली होती.